लाल चौकट आणि टायपिंगबाई

टायपिंगबाई कोणाच्याही घरात शिरल्या की आधी कॉम्प्युटरकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. इंटरनेटची वायर कुठून आली आहे ते शोधायचं, ती उपटायची आणि मग खुर्चीवर टेकायचं, हा त्यांचा क्रम. घरातलं माणूस तोवर रडवेलं झालेलं असे. त्याला त्यांचं एकच सांगणं, "आधी वायर काढ, मग रड. रडायला वेळ हाय."

पेणमध्ये त्यांचा टायपिंगचा क्लास होता. मी तिथेच टाइपरायटरवर बोटं बडवायला शिकले. पुढे यंत्रं भंगारात गेली, क्लासमध्ये कॉम्प्युटर आले, बाई नवं शिकल्या, पण नाव टायपिंगबाईच राहिलं. त्या खाडीकडच्या, वडील मिठागरात कामाला. बोलण्यातला तो खारा हेल त्यांनी कधी पुसला नाही. इंग्रजी स्पेलिंग मात्र असं पक्कं, की चूक दिसली की त्यांना दाढ दुखल्यासारखं होई.

ही सवय नको त्या ठिकाणी कामी आली. घराघरांत कॉम्प्युटर आले तशा त्यांच्या पडद्यांवर लाल चौकटी उगवायला लागल्या. तुमच्या मशीनमध्ये व्हायरस सापडले, ताबडतोब हे औषध घ्या, या नंबरवर फोन करा. औषध म्हणून जे मिळे तोच खरा रोग. ते एकदा आत बसलं की दुसरं काही उघडूच देत नसे. बाई चष्मा वर करून ती चौकट वाचत. "सिक्युरिटीत दोन आर घातलेत मेल्यानं. ज्याला स्पेलिंग येत नाय तो तुझं मशीन काय राखणार?" मग मशीन सेफ मोडमध्ये चालू करायचं, म्हणजे अगदी गरजेपुरतंच जागं करायचं. औषधाचं ते सोंग झोपेत असतानाच मुळासकट काढायचं आणि पेन ड्राइव्हवरच्या खऱ्या अँटिव्हायरसने कानाकोपरा तपासायचा. हे सगळं त्या भाजी निवडावी तशा गप्पा मारत करत.

एकदा हमरापूरहून बोलावणं आलं. गणपतीचे दिवस तोंडावर, कारखान्यात मूर्तींची रांग लागलेली आणि ऑर्डरींचे फोटो असलेला कॉम्प्युटर एकाएकी भोंगा वाजवायला लागलेला. त्यातून एक बाई इंग्रजीत सारखी धमकावत होती. बंद कसं करायचं ते कोणाला कळेना, म्हणून घरच्यांनी त्यावर दोन गोधड्या टाकल्या होत्या. गोधडीखालून बारीक आवाजात धमक्या चालूच. बाईंनी गोधड्या उचलल्या, वायर ओढली आणि म्हणाल्या, "हिला उकडलं असंल म्हणून ओरडते." रंगाचे हात तसेच वर धरून सगळं घर हसलं आणि मग काम सुरू झालं.

"कोणी दाबलं?" हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. घरात तोच पहिला निघतो. नवरा बायकोकडे बघतो, बायको मुलाकडे. बाई म्हणत, "बोट कोणाचं ते मशीनला म्हायत नाय. मला पण नको."

याची किंमत मला कळली ती माझ्या वडिलांमुळे. अण्णा रोह्याला एकटेच राहतात. आई गेल्यापासून त्यांचा बराचसा वेळ कॉम्प्युटरसमोर जातो, कारण आईचे सगळे फोटो त्यात आहेत. एका सकाळी त्यांचा पेणला मला फोन आला. म्हणाले, "तुझ्या त्या टायपिंगच्या बाई अजून असतात का गो पेणला? काही नाय, सहज विचारलं."

अण्णा सहज असं काही विचारत नाहीत. मी तशीच बाईंकडे गेले आणि तिथून फोन लावला. बाईंनी तो हातातून घेतला आणि दोन वाक्यांत अण्णांकडून खरं काढलं. लाल चौकट आली, अण्णांनी त्यातला नंबर फिरवला, पलीकडच्याने एक प्रोग्रॅम घ्यायला लावला आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. अण्णांनी कार्डाचा नंबरही सांगून टाकला होता. ओटीपी मागितल्यावर मात्र ते दचकले आणि फोन ठेवला. "वायर काढा, कार्डामागं बँकेचा नंबर हाय तिथं फोन करून कार्ड बंद करा, आमी येतो," बाई म्हणाल्या.

आम्ही मिळाली ती गाडी पकडली. रोह्याच्या आधीचं निडी स्टेशन गेलं तरी बाई खिडकीतून भातखाचरं बघत होत्या. मी विचारलं, "खात्यातलं गेलं असेल का हो?" त्या म्हणाल्या, "गेलं असंल तर बँकेत तक्रार करू. आता तू चेहरा नीट कर. बाप आधी पोरीचा चेहरा बघणार हाय."

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, परक्याच्या घरी बसावं तसे. कार्ड वेळेवर बंद झालं होतं, खातं शाबूत होतं. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. हळूच म्हणाले, "तो म्हणाला, ऐकलं नाय तर सगळं पुसून टाकीन. फोटो हायेत त्यात. म्हणून मी ऐकत गेलो."

बाई ते सोंग काढायला बसल्या होत्या, पण हात थांबवून म्हणाल्या, "मग आधी वहिनी हायेत का ते बघू." मशीन सेफ मोडमध्ये आणून त्यांनी फोटोंचा फोल्डर उघडला. आई कुंडलिकेच्या काठावर, आई पापडांच्या खाटेपाशी, आई कॅमेऱ्यावर वैतागलेली. बाईंनी एकेक फोटो सावकाश पुढे नेला. ते सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून तो अण्णांच्या मुठीत दिला आणि मगच साफसफाईला हात घातला.

मधेच अण्णांचा फोन वाजला. तोच माणूस. बाईंनी उचलला. "साब आराम करते हैं. तुमने खाना खाया क्या?" पलीकडून एक कोवळा आवाज म्हणाला, "नहीं, मॅडम." "पहले खा लो. और बेटा, दूसरा काम देखो. ये अच्छा नहीं." फोन कट झाला. अण्णा त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते तेव्हा अण्णांचा आवाज आला, "बाई, हे बाहेर कुठं बोलू नका. लोक म्हणतील, म्हातारा येडा झाला."

"मी एका घरातलं दुसऱ्या घरात नेत नाय. पण तुमाला कधी वाटलं तर तुमी बोला. हलकं वाटंल."

अण्णा कोणाजवळ बोलले नाहीत. वर्षं गेली.

गेल्या साली बाई गेल्या. थोडंसं दुखणं, आणि गेल्या. त्यांच्या क्लासच्या खोलीतच शोकसभा ठेवली होती. अण्णा रोह्याहून आले. दोघातिघांची भाषणं झाली, बाई किती शिस्तीच्या, किती कष्टाळू. मग अण्णा उठले. ते कधी चार माणसांत बोलत नाहीत, म्हणून मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो सोडवला.

"मी फसलो होतो," ते म्हणाले. "कार्डाचा नंबर देऊन बसलो होतो. बाई आल्या, त्यांनी निस्तरलं. माझी बायको फोटोत शाबूत राहिली ती त्यांच्यामुळं."

मग मागून एक शिक्षिका म्हणाल्या, "आमच्याकडेही आल्या होत्या." डोलवीला कंपनीत असलेला एकजण म्हणाला, "माझ्याकडं पण. घरात कोणाला म्हायत नाय." त्याची बायको शेजारीच बसली होती. एकेक हात वर व्हायला लागला. इतकी वर्षं शेजारीशेजारी राहून प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच मूर्ख.

शेवटी पहिल्या रांगेतले निवृत्त हवालदार उठले. गावोगाव फसवणुकीपासून सावध राहायची भाषणं तेच देतात. त्यांनी घसा साफ केला.

"माझ्याकडं त्यांना दोनदा यावं लागलं."

आणि त्या खोलीत, हार घातलेल्या फोटोसमोर, आम्ही सगळे पोट धरून हसलो.