उचलायला कोण आलं

"हातात नारळ घ्या, देवाचं नाव घ्या नि सगळ्यांसमोर म्हणा, ही मुलगी आमची नाय. लगेच उचलतो."

गावकार माझ्या अंगणाच्या कडेला उभा राहून हे बोलला. अंगणात माझा नवरा मेलेला पडला होता. मुलगी बापाच्या पायाशी बसली होती. तिने शब्द न शब्द ऐकला. तिला ऐकू जावं म्हणूनच तो मोठ्याने बोलत होता.

गावकार म्हणजे आमच्या गावकीचा मुख्य. हा तर नवऱ्याचा चुलत भाऊ. लहानपणी दोघे एका ताटात जेवलेले. त्या दिवशी मात्र त्याने अंगणात पाऊल टाकलं नाही. वाळीत टाकलेल्या घराच्या अंगणात पाय ठेवला असता तर तोही गुन्हेगार ठरला असता. भाऊ मेला तरी नियम पाळायची अक्कल त्याला बरोबर होती.

"भावजी, आधी तुमच्या भावाला उचला. मुलीचं मागनं बघू."

"मागनं नाय, वहिनी. आधी नारळ."

आमची वाडी देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. आम्हाला एकच मुलगी. ती रत्नागिरीत नोकरीला लागली, तिथे दुसऱ्या जातीच्या मुलाशी तिने लग्न केलं. आम्हाला विचारून केलं. गावकीला विचारलं नाही, एवढंच. गावकी बसली नि ठरलं की आम्ही मुलीशी संबंध तोडायचा. नवरा गप्प राहिला. सगळ्यांना वाटलं, कबूल झाला. पुढे नात झाली, तेव्हा तो बारशाला राजापुरास व्याह्यांकडे गेला, जेवला, नि परत येऊन मला म्हणाला, "वांग्याची भाजी झकास होती." बसल्या बसल्या त्याने ते वाडीत चार जणांना सांगितलं. लपवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याच आठवड्यात आम्हाला वाळीत टाकलं.

वाळीत टाकतात म्हणजे कोणी मारत नाही. नुसतं बोलत नाहीत. वाडीतलं दुकान मीठ देत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. मोबाइलवरच्या वाडीच्या ग्रुपमधून नाव काढतात. शिमग्याला पालखी प्रत्येक घरी जाते, आमच्या घरासमोरून ढोल वाजवत पुढे गेली. मी ओटी घेऊन दारात उभी होते. नवरा म्हणाला, "आत ये, देव वाट चुकला." हसला. त्या रात्री जेवला मात्र नाही.

आमच्याकडे रीत अशी की माणूस गेलं की त्या घरातल्यांनी गेल्याचा निरोप स्वतः सांगायचा नसतो. शेजारी वाडीत फिरतात, घराघरातून एक पुरुष नि एक लाकूड येतं. लाकूड घरटी एक, श्रीमंताचंही एकच. नवरा सकाळी गेला. मी वाट बघितली. शेजारच्या घरात भांडी घासायचा आवाज येत होता, तो बंद झाला. म्हणजे कळलं होतं. कोणी आलं नाही. मग मीच उठले नि घराघरात सांगत फिरले. नवरा आत पडलाय नि बायको दारोदार फिरते आहे, असं आमच्या वाडीत आधी कधी झालं नसेल.

पहिल्या घराचं दार लागलं. दुसऱ्या घरातले मागच्या दाराने परसात गेले. तिसऱ्या घरातली सून दारात आली. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी पंधरा पंधरा दिवस तिच्या पोरांना न्हाऊ घातलेलं. ती रडायला लागली.

"काकी, माज्या हातात काय हाय?"

"लाकूड तरी दे."

"हे मारतील मला."

मी पुढे गेले. सहाणेवर, जिथे पालखी बसते तिथे, पुरुष बसले होते. सुट्टीसाठी मुंबईहून आलेलेही होते. मी समोर उभी राहून म्हटलं, "माणूस गेलाय माझा." कोणी उठलं नाही. एकाने तंबाखू मळायचं थांबवलं, तेवढाच मान दिला त्याने.

दुपारी मुलगी, जावई नि राजापुराहून व्याही आले, त्यांनी नवऱ्याला बाहेर अंगणात ठेवलं. नि त्यांच्या मागोमाग नारळ घेऊन गावकार.

जावई म्हणाला, "आई, मी पोलिसांना फोन करतो. हा गुन्हा आहे, कायदा आहे."

"पोलीस आला तर खांदा देणार आहे काय? ऊन बघ."

मुलगी उठली नि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, म्हण. नुसतं तोंडाने म्हण. मला काय फरक पडत नाय. बाबांना नीट जाऊ दे."

मी तिला म्हटलं, "बस खाली."

मग गावकाराला म्हटलं, "नारळ आणलाय तो घरी न्या नि चटणी वाटा."

"मसणवट गावकीची हाय, वहिनी. तिथे लाकूड लावू देणार नाय."

"जमीन माजी हाय. माज्या जमिनीत जाळीन."

आमचा गोठा रिकामा होता. ऐन नि किंजळीची लाकडं होती त्याला, नवऱ्याने स्वतः उभा केलेला. जावयाने नि व्याह्यांनी तो पाडला. व्याह्यांचं वय माझ्याहून जास्त. कौलं खाली पडत होती, वासे मोडत होते, तो आवाज अख्ख्या वाडीने ऐकला. एकही दार उघडलं नाही. घरामागच्या वरकस, माळाच्या जमिनीत आम्ही चिता रचली. अग्नी मुलीने दिला.

पुढे तक्रार केली. चौकशीला साहेब आले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, आम्ही कोणाला अडवलं नाही, आम्हाला जायला जमलं नाही. सगळ्या वाडीला एकदम जमलं नाही!

गेल्या वर्षी देवरूखला बायकांचा कार्यक्रम होता, मला मुलीने नेलं. एक शिकलेले गृहस्थ भाषणाला होते. म्हणाले, समाज हा शब्द संस्कृतातला, सम् म्हणजे एकत्र नि अज् म्हणजे जाणं, हाकणं. एकत्र चालतो तो समाज. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं भडकलं. मी चौथी शिकलेली, मला संस्कृत येत नाही. एकत्र कसं हाकतात ते मला ठाऊक आहे. गुरंही एकत्रच हाकतात.

माझ्या माहेरी समाज हा शब्दच कोणी वापरत नव्हतं. घरं म्हणत. शाकारणीला किती घरं आली, लावणीला किती आली. एकट्याला छप्पर शाकारता येत नाही, एकट्याला भाताची लावणी होत नाही, मेलेला माणूस एकट्याने उचलता येत नाही. गावकी त्यासाठी झाली. दुसरं काही तिचं मूळ नाही. आता छपरांवर पत्रे आले, लावणीला मजूर मिळतात. लोकांना एकमेकांची गरज उरली ती एका मेलेल्याला उचलण्यापुरती, नि नेमकं तेच त्यांनी अडवून धरलं. कारण तेवढंच त्यांच्या हातात राहिलं होतं.

सहाणेशेजारी आता स्लॅबचं सभागृह बांधलंय, वर समाजमंदिर लिहिलंय. मी तिथे जात नाही. मला बोलावतही नाहीत.

माझ्या नवऱ्याला मी, माझी मुलगी, जावई नि व्याही यांनी उचललं. व्याही पुढच्या पावसाळ्यात गेले. आता उचलायला आम्ही तिघं आहोत.