नॉर्मल मूल मिळेना

आमच्या खोलीतले किस्से कुणी लिहून ठेवत नाही. रिपोर्टच्या फायली मात्र कपाटात मावत नाहीत.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी मीरा रोडच्या एका खासगी हॉस्पिटलात टेक्निशियन होते. पेशंटच्या नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत घालायची, घोट घोट पाणी गिळायला लावायचं. अन्ननलिका किती जोर लावते त्याचा आलेख कॉम्प्युटरवर यायचा. नॉर्मल किती, त्याचा तक्ता मशीनबरोबरच आलेला. मोठ्या माणसांचा.

*

जवळच्या पाली गावातली एक कोळीण सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. घास अडकतो म्हणून. टेस्ट झाल्यावर आमच्या डॉक्टर सरांनी तक्ता बघून सांगितलं, "हिचा जोर कमी पडतोय."

"कोनापेक्षा?"

"नॉर्मल माणसापेक्षा."

"ती लान हाय ना, डॉक्टर."

सरांनी गोळ्या लिहून दिल्या.

*

त्या बाईचं बोलणं सरांना लागलं असावं. मुलांचा वेगळा तक्ता करायचं त्यांनी ठरवलं. परवानगीचे कागद झाले. आता निरोगी मुलं हवी होती. पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीत मी घरोघर फिरले. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "बीमार बच्चे को नली डालो, समझ में आता है. अच्छे बच्चे ने क्या बिगाड़ा है?"

मी चहा पिऊन परत आले.

*

मग स्टाफला विचारलं. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "माझ्या मुलीला सर्दी आहे."

"कधीपर्यंत?"

"तुमचं काम होईपर्यंत."

शेवटी मी सरांनाच विचारलं, "सर, तुमचा मुलगा?"

"त्याची परीक्षा आहे."

मुलगा दुसरीत होता.

*

नॉर्मल मूल मिळालं ते एकच. माझी सई, आठ वर्षांची. एका मुलावर तक्ता होत नाही. सरांनी तो नाद सोडला आणि मुलांचे रिपोर्ट मोठ्यांच्याच तक्त्यावर निघत राहिले. मीच काढत होते.

सईच्या टेस्टच्या दिवशी मीच नळी घातली. नको असेल तर नाही म्हण, असं मुलांना आधी सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. तिने माझा पदर घट्ट धरला.

मी म्हटलं, "रडू नकोस हं. आलेख बिघडतो."

ती रडली नाही. सांगितले तेवढे घोट गिळले. सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "वा, एकदम नॉर्मल."

मी नळी काढली, तिचं नाक पुसलं. रिक्षाने घरी आलो. चपला काढून ती दारातच उभी राहिली.

"आई, आता रडू?"