चित्रकाराच्या मागे चालताना

कानात एका दिवंगत चित्रकाराचं आयुष्य ऐकत मी पंचगंगेच्या घाटावर आलो. मोबाईलवर त्याची गोष्ट ऐकायची आणि ती जिथे घडली तिथे चालत जायचं, अशी ही सहल. पण सांगणाऱ्या आवाजाला गुडघे नसतात. त्याचं लग्न झालं त्या घरापासून मी जेमतेम नदीपर्यंत पोचलो, तोवर कानात तो म्हातारा होऊन वारलाही होता.

मी पायरीवर टेकलो. धुणं पिळणारी बाई म्हणाली, "दमलासा व्हय? जरा सरकून बसा, तितं सावली हाय."

सावलीत बसून मी मोबाईलवरची गोष्ट मागे नेली आणि घाटाचा भाग पुन्हा ऐकला. "याच पायऱ्यांवर तो दिवसदिवस बसून राही," आवाज म्हणाला, "आता डावीकडे वळा."

मी आवाज बंद केला. देवळाचं शिखर पाण्यात हलत होतं. ऊन सरकलं तसं ते पाणी हिरवट झालं, मग काळसर. बसणाऱ्या माणसाला भेटायला सकाळपासून मी नुसता चालत होतो.

बाईचं धुणं संपलं. जाताना म्हणाली, "आवो, ऊन आलं की तुमच्यावर!"

आलं होतं खरं. मी हललो नाही.