चार पाऊण तीन

आयुष्यात कुठं कुठं फिरलात, असं कुणी विचारलं तर मी काशी-रामेश्वराचं नाव घेत नाही, जरी दोन्ही करून आले आहे. मी सांगते, बोईसरहून जवळच्याच दांडीला गेले. समोरचा माणूस हसतो. हसेना का! बैलगाडीनं अडीच तासांची ती वाट, पण त्या वाटेवर मी ज्या थाटात बसले, तशी पुढं विमानातही बसले नाही.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान तिथं वेल्डर म्हणून लागले आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मी तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन बोईसरला आले. स्टेशनजवळ पत्र्याची एक खोली. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजायची नाही. संध्याकाळ झाली की डासांचे थवे. वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास यायचा आणि माळकरी घरात वाढलेली मी नाकाला पदर लावायचे. मी रडायचे आणि पत्रं लिहायचे. माझ्या वडिलांना, आबांना. एका पत्रात तर सरळ लिहिलं, "मला इथून घेऊन चला."

आबांचं उत्तर दोन ओळींचं आलं. सुगी उरकली की येतो, तोवर दम धर.

मी दम धरला आणि तेवढ्यात सगळंच उलटलं. दसरा झाल्यावर एका रविवारी शेजारच्या खानदेशी वहिनींनी टूम काढली, आपण समुद्र बघायला जाऊ. आमची दोन बिऱ्हाडं, एक भाड्याची बैलगाडी, पातेलंभर मसालेभात. दांडीला पोचलो तर पाणी लांब गेलेलं आणि समोर ओली वाळू, आत्ताच कुणी सारवून ठेवल्यासारखी गुळगुळीत. आम्ही म्हटलं, वा, काय जागा आहे! तिथंच सतरंजी अंथरली, जेवलो आणि पुरुषमंडळी चपला उशाला घेऊन घोरू लागली.

आम्ही पडलो घाटावरची माणसं. आम्हाला पाणी ठाऊक ते विहिरीचं आणि तळ्याचं, आपली जागा न सोडणारं. जाग आली तेव्हा सतरंजी भिजली होती, यजमानांची नवी चप्पल दोन दिशांना चालली होती आणि उरलेल्या भातासकट पातेलं डुलत डुलत निघालं होतं. वहिनी किंचाळल्या. वरच्या अंगाला एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. ती काष्टा सावरत पाण्यात शिरली, पातेलं काखेत मारून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून हसतच राहिली.

"काय गो बाय, दर्याला काय दावं बांदलंय का, एका जागी बसाया? तिथ नाय बघितली घरातना निगताना?"

मी म्हटलं, तिथीचा आणि समुद्राचा काय संबंध? तिथी आम्ही उपासाला बघतो.

"आमी पोटाला बगतो," ती म्हणाली आणि बोटांवर मोजून दाखवू लागली. "चौथ हाय तं भरती तीनला. आठम हाय तं साला. बारस हाय तं नवाला. आदी सा तास पानी जाल, मंग सा तास येल. कालच्या पान्यानं कचऱ्याची रेग सोडलेली असती, तिच्या वर बसायचं. येवढंच."

चौथीला तीन, आठमीला सहा, बारशीला नऊ. मी जागच्या जागी उभी राहिले. अहो, ही तर पाऊणकी! तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ हातात. चौथीपर्यंतच्या माझ्या शिक्षणात मला काय पक्कं आलं असेल तर पाऊणकी. गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा मोजता मोजता आबांनी ती माझ्याकडून घोकून घेतली होती. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पोरीच्या जातीला हे कशाला, असं आई म्हणायची. आबा म्हणायचे, असू दे, कुठं तरी कामाला येईल.

त्या दिवसापासून माझं आसन बसलं. शनिवारची संध्याकाळ झाली की वहिनी आणि त्यांचे यजमान आमच्या दाराशी हजर. साइटवर मोठमोठे नकाशे वाचणारा तो माणूस मला विचारायचा, "वहिनी, उद्या निघायचं कितीला?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून ओठातल्या ओठात पुटपुटायचे आणि वेळ सांगायचे. माझे यजमान मागं उभे राहून मिशीत हसायचे. आम्ही खाडीकाठी तिरक्या चालणाऱ्या चिंबोऱ्या बघितल्या. पालघरहून एसटीनं सातपाटीला गेलो आणि भरतीच्या पाण्याबरोबर होड्या आत येताना पाहिल्या, त्याही मी सांगितलेल्या वेळेला. मला गर्व झाला का? झाला. का होऊ नये? गावी माझ्या शब्दावर कुणी चूलही पेटवत नव्हतं, इथं दोन बिऱ्हाडं हलत होती.

एकच चूक झाली. सुखात असलं की माणूस पत्र लिहीत नाही.

माघात आबा आले. डोक्याला फेटा, हातात गाठीगाठींची वेळूची काठी. त्यांनी खोली बघितली, पत्रा बघितला, पाण्याचा एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "सामान बांध. सोमवारच्या गाडीनं निघायचं. पोरीलाबी घे."

मी म्हटलं, "आबा, आता मी इथं रुळलीय. मला नाही यायचं."

त्यांनी कोपरीच्या खिशातून माझं पत्र काढलं. घड्यांवर फाटत आलेलं. "मग ह्यात कुणी लिवलंय? नवऱ्याच्या भिडंनं बोलू नगंस. बाप हाय मी."

त्यांना पटेना. मी बोलले तेवढं त्यांना खोटंच वाटत गेलं. यजमान तर गरीब गायच. त्यांनी एकदाच तोंड उघडलं, "ती म्हणेल तसं," आणि आबांनी त्याचाही अर्थ उलटाच घेतला, की ह्याला बायकोचं काही पडलेलं नाही. मला कळून चुकलं की तोंडानं सांगून भागायचं नाही. माझा संसार मोडायला निघालेला माणूस माझ्यावर सगळ्यात जास्त जीव लावणारा होता आणि त्याला बोलावलं होतं मीच.

मध्ये रविवार होता. संकष्टी होती, मला उपास होता. मी म्हटलं, "आबा, सोमवारचं सोमवारी. उद्या समुद्र तरी बघा."

"उपासाचं भटकायचं?" ते म्हणाले. पण आले.

गाडीत ते बैलांजवळ बसले आणि दोन तास बैलांशीच बोलले. दांडीला पोचलो तेव्हा ओहोटी संपून पाणी नुकतंच काठाकडे परतायला लागलं असेल. लांबवर पांढरी कड दिसत होती. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि त्यांची पहिली तक्रार ही की तो फार लांब आहे. ओल्या वाळूकडे काठी रोखून ते म्हणाले, "चांगली जागा हाय. हितं बसू."

"तिथं नको. तीनला तिथं डोक्यावर पाणी असेल."

"कोण म्हनतं?"

"मी म्हणते. आज चौथ. चार पाऊण तीन."

आबा वळले. आमच्या गावात पेरणीपासून बारशापर्यंत तिथी सांगायचे ते आबा. पंचांगातलं त्यांना कुणी शिकवायचं नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून आले आहे.

"कुठवर येईल पानी?"

मी वाळूवर चालत गेले. आदल्या दिवशीच्या भरतीनं टाकलेली काड्याशिंपल्यांची रेघ शोधली. अमावास्या-पुनवेपासून लांब गेलं की पाणी रोज थोडं थोडं कमी चढतं, हेही मला एव्हाना कळलं होतं; म्हणून रेघेच्या वीतभर खाली टाच रोवली. "इथं."

आबांनी तिथं काठी खोचली. "तीनला पानी हिला लागलं तर तू म्हनशील ते खरं. न्हाई लागलं तर उद्या गाडीत बसायचं, आन् पुन्ना नवऱ्याच्या भिडंनं बोलायचं न्हाई."

"बरं," मी म्हटलं. यजमानांचा चेहरा पांढरा पडला. वहिनींनी माझा दंड चिमटीत धरला. मी बोलून बसले होते. पाढा मला पाठ होता, पण समुद्र काही गुळाची ढेप नाही.

बाकीचे जेवले. मी दोन शेंगदाणे तोंडात टाकले आणि काठीकडे बघत बसले. एक वाजता पाणी निम्म्या वाळूवर आलं. दोन वाजता आबांनी बसायला दाखवलेली जागा बुडाली आणि ते नुसतेच "हं" म्हणाले. लेक त्यांच्या मांडीवर बसून लाटा मोजत होती, वीसच्या पुढं तिला येत नव्हतं म्हणून पुन्हा एकपासून. अडीचला पाणी काठीपासून दहा पावलांवर. आणि मग, भरती संपत आली की होतं तसं, ते रेंगाळायला लागलं. लाट यायची, जरा पुढं सरकायची, मागं जायची.

वहिनींच्या यजमानांच्या मनगटावर घड्याळ होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि तो बिचारा घड्याळाकडे बघायला घाबरत होता. शेवटी तोच म्हणाला, "तीन."

काठी कोरडी. पाणी तीन हात खाली.

मी मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, मनात ट्रंक भरायला लागले होते. लेकीची झबली वर, पातळं खाली.

आबा उठले. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी सूर्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग वळून म्हणाले, "तुमचं घड्याळ पुढं हाय."

"नाही हो, सकाळीच स्टेशनच्या घड्याळाशी लावलंय."

"मग टेसनाचंबी पुढं हाय," आबा दरडावून म्हणाले. "अजून तीन वाजलं न्हाईत. पाऊणकी ही माझ्याकडनं शिकलीया. ती चुकायची न्हाई."

त्यांनी चपला काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि काठीपाशी जाऊन उभे राहिले. तिथं उभं राहून समुद्राची वाट बघितली त्यांनी, दारात उभं राहून पाव्हण्याची बघावी तशी. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग एक लाट आली, आधीच्यांपेक्षा जरा जाड, फेस घेऊन वर चढली आणि काठीचं टोक आणि आबांची पावलं एकदमच भिजली.

"वाजलं तीन," आबा म्हणाले.

वहिनी टाळ्या पिटत होत्या. माझे यजमान, जे गाडीतल्या माणसांसमोर माझ्याशी धड बोलायचे नाहीत, ते सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी मात्र रडत होते आणि हसतही होते. घड्याळ बरोबर होतं हे मला ठाऊक होतं. आबांनाही ठाऊक होतं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

परतीच्या वाटेवर आबांनी सगळ्या तिथ्या विचारून घेतल्या. पंचमीला? पावणेचार. षष्ठीला? साडेचार. रात्री चंद्र दिसल्यावर मी उपास सोडला, तेव्हा त्यांनी खिशातलं ते पत्र काढून चुलीत घातलं. सोमवारच्या गाडीनं ते एकटेच गेले.

दोन वर्षांनी मी गावी गेले. दिवेलागण होत होती. आबा पारावर चारचौघांत बसले होते आणि मी त्यांना जेवायला बोलवायला मागून येत होते. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. आमचं गाव डोंगरात. समुद्र नकाशातही बोट ठेवून शोधावा लागतो. कुणीतरी तिथी विचारली.

"अष्टमी," आबा म्हणाले. मग आकाशाकडे पाहून, जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आठ पाऊण सहा. आत्ता माझ्या लेकीच्या गावात पानी चढलं असंल."