दत्ताजीरावांचं शिंग

"माझ्या वॉर्डात बैल? डोकं ठिकाणावर आहे ना?"

पहिल्या दिवशी मी दत्ताजीरावांना दारातच असं झापलं होतं. मी सरोजिनी, बडोद्याच्या एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर. मला फरशी लख्ख लागते, चादरीवर सुरकुती खपत नाही, आणि समोर उभा होता दोन पायांवरचा पांढराशुभ्र बैल! गळ्यात घुंगुरमाळ, डोक्यावर दोन सोनेरी शिंगं, आणि आतून घोगरा मराठी आवाज, "सिस्टरबाई, थोडाच वेळ. पोरं हसली नाहीत तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"आत्ता तरी कुठं दाखवताय?" मी म्हटलं. पण तोवर माझ्या मागं खाटांवर गलका सुरू झाला होता, "बळद आव्यो! बळद आव्यो!" बळद म्हणजे गुजरातीत बैल. मग काय करता, सोडलं आत.

नव्वदनंतरची वर्षं होती ती. बडोद्याच्या अलकापुरी भागात जिकडंतिकडं काचेची नवी दुकानं उघडत होती. त्यातल्याच एका आइस्क्रीमच्या दुकानावर दत्ताजीराव घाडगे वॉचमन होते. गिऱ्हाईक ओढायला मालकानं बैलाचा पोशाख शिवून घेतला. त्यात शिरायला ठेवलेला कॉलेजातला मुलगा उकाड्यानं पळाला आणि पोशाख दत्ताजीरावांच्या गळ्यात पडला. पणजोबा गायकवाडांच्या घोडदळात, आणि पणतू बैल! गावातच अकोटा भागात राहणाऱ्या भाऊबंदांनी नाकं मुरडली. दत्ताजीराव मात्र भलतेच खूश.

त्याला कारण होता त्यांचा चेहरा. गालभर पसरलेल्या मिशा, तांबारलेले डोळे, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत जुन्या अपघाताचा व्रण. माणूस लोण्याचा हो, पण गल्लीतली पोरं त्यांना बघून आईच्या मागं लपायची. सख्ख्या पुतणीनं बारशाला त्यांच्या मांडीवर भोकाड पसरलं होतं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. "मुंडकं चढवलं की पोरं अंगावर उड्या मारतात," ते मला एकदा म्हणाले, "काढलं की पळतात." म्हणून वॉर्डात ते मुंडकं कधीच काढत नसत. पाणीसुद्धा माझ्या खोलीत दार लावून प्यायचे.

दर रविवारी दुकान उघडायच्या आधी बैल हजर. नाचायचा, घुंगरं वाजवायचा, इंजेक्शनला स्वतःचा दंड पुढं करून बोंब ठोकायचा. मी तोंडानं रागवत होते, पण रविवारी कुणाची सुई बैलासमोर टोचायची ते आधीच ठरवून ठेवत होते.

आणि मग आमच्याकडं हेतल आली. बडोद्याच्याच तरसाली भागातली, सहा-सात वर्षांची. रिक्षा अंगावर येऊन मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून टांगलेला. तिचे वडील लारीवर, म्हणजे हातगाडीवर, खारे दाणे विकायचे, ती लारीशेजारी खेळत असतानाच हे झालं. तेव्हापासून पोरीनं बोलणं सोडलं आणि खाणंही. आई चमच्यानं खिचडी भरवायची, ही ओठ घट्ट मिटून भिंतीकडं तोंड करायची. ऑपरेशन करायला अंगात ताकद तर हवी! शेवटी डॉक्टर म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू." आईनं वाटी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. मलाही भरून आलं.

तो रविवार होता. मी दत्ताजीरावांना दारातच गाठलं. "आज सगळी कला हिच्यासमोर करा. हसवा, रडवा, पण तोंड उघडायला लावा."

बैल नाचला. बैल कोलांटी मारायला गेला. हेतल ढिम्म. त्या नादात सलाइनचा स्टँड शिंगात अडकला, कटकन आवाज झाला आणि डावं शिंग उडून खाटांखाली गेलं! दत्ताजीराव घाबरले. पोशाख मालकाचा ना! गुजराती पार विसरून, रांगत, ते ओरडायला लागले, "माझं शिंग! अरे, माझं शिंग कुठं गेलं?"

आणि भिंतीकडून एक बारीक आवाज आला. "सिंग? मने आपो ने." मला द्या ना.

अगं बाई! हेतल बोलली!

दत्ताजीरावांनी खाटेखालून शिंग काढलं आणि मोठ्या प्रेमानं तिच्या हातात ठेवलं. पोरीनं ते उलटंसुलटं पाहिलं आणि भिरकावून दिलं. "आ नै! खावानी सिंग!" हे नाही, खायची सिंग!

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. गुजरातीत सिंग म्हणजे भुईमुगाचे दाणे! आम्ही बडोद्याचे मराठी जन्मभर सिंग खात आलो, पण बैलाच्या तोंडी शिंग ऐकून कुणाला ते आठवणार? "हलू नका कुणी!" म्हणून मी निघाले. पन्नाशीला टेकलेली बाई, कडक इस्त्रीची गणवेशाची साडी, तशी जिन्यावरून धावत फाटकाशी गेले आणि तिथल्या फेरीवाल्याकडून खाऱ्या सिंगची पुडी घेऊन धापा टाकत वर आले.

बैलानं एक दाणा सोलून तिच्या ओठांशी नेला. हेतलनं मान हलवली. "पेला तमे खाओ." आधी तुम्ही खा.

झालं! बैलाचं तोंड तर शिवलेलं. दत्ताजीराव दाणा धरून तसेच उभे. सगळा वॉर्ड बघतोय. मुंडकं काढलं आणि पोर किंचाळली तर? पुन्हा मिटलेले ओठ उघडतील का? आतून आवाज आला, "सिस्टरबाई, ही घाबरेल हो."

"घाबरली तर मी आहे. काढा!" आवाज मी मुद्दाम करडा ठेवला.

त्यांनी मुंडकं काढलं. घामानं निथळणारं टक्कल, त्या मिशा, तो व्रण. डोळे त्यांनी गच्च मिटले होते. तसाच दाणा तोंडात टाकला आणि चावायला लागले.

हेतल टक लावून बघत होती. मग तिनं हात लांबवला आणि त्या व्रणावर बोट ठेवलं. "तमने पण वाग्युं?" तुम्हालाही लागलंय?

दत्ताजीरावांनी डोळे उघडले. "हो गं बाळा," कसंबसं म्हणाले, "बौ वाग्युं." खूप लागलं.

तिनं स्वतःच्या टांगलेल्या पायाकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, आणि आ केला. एक दाणा, दुसरा, तिसरा. "चावून खा गं, चावून!" मी ओरडत होते. तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, "मारा पप्पानी सिंग आनाथी सारी छे." माझ्या बाबांची सिंग याहून चांगली! तिची आई हसत होती आणि रडत होती. मागोमाग खिचडीही गेली. नळी मी माझ्या हातानं कपाटात परत ठेवली.

पुढच्या रविवारी बैल आला तो मुंडकं काखेत धरून. खाटांवरून आरोळी उठली, "काका आव्या! काका आव्या!"

दत्ताजीराव उंबऱ्यावरच थबकले.

"दार अडवून काय उभे राहिलात?" मी खेकसले आणि पदरानं डोळे पुसले. "या आत. तुम्हालाच बोलावतायत."