टोपणनावामागचं कार्ड

मुलुंडच्या वाचनालयात नोकरीला लागून मला चारच महिने झाले होते, अजून कायम केलं नव्हतं. माझं काम नव्या पुस्तकांची सूची-कार्डं करून, वाचक चाळतात त्या कपाटाच्या खणांत लावायचं. पुस्तक टोपणनावाने असेल तर मुख्य कार्ड त्याच नावाचं. पण लेखकाचं खरं नाव कळलं, तर त्या नावाचंही एक कार्ड करून त्यावर 'अमुक टोपणनाव पाहा' लिहायचं. नियम मला पाठ होता आणि तो लावायची हौसही दांडगी.

एका कथासंग्रहात, हक्कांच्या बारीक ओळीत, लेखिकेचं खरं नाव सापडलं. लगेच कार्ड टाइप करून लावलं.

आठवड्याने एक सभासद बाई माझ्या टेबलाशी आल्या. पोस्टात होत्या, संध्याकाळी घाईघाईत पुस्तक बदलून जायच्या. चेहरा पांढराफटक.

"ते कार्ड तू लावलंस?"

तेव्हा मला कळलं, लेखिका याच.

"अगं, घरी कुणाला माहीत नाही. त्या कथांमधलं घर आमचंच आहे. सासरे रोज इथे पेपर वाचतात, खण उघडून बसतात. काढ ना ते."

कार्डं खणातल्या दांडीत ओवलेली, दांडीला कुलूप. किल्ली ग्रंथपाल सरांकडे, आणि ते सोमवारपर्यंत रजेवर.

ते दोन दिवस त्यांचे सासरे, म्हणजे आमचे रोजचे पेपरवाले आजोबा, पेपर खाली ठेवून उठले की मी फडकं घेऊन त्या खणापुढे उभी. पुसलेलाच खण पुन्हा पुसायचा. मी जेवायलासुद्धा गेले नाही.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. "नियमाप्रमाणेच लावलं होतं, सर."

"वाचकाला पुस्तक सापडावं म्हणून नियम. या नावाने ते मागायला कोण येणार होतं?"

त्यांनी स्वतः कुलूप उघडून दांडी ओढली, कार्ड काढून फाडलं. ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बुधवारी आजोबा माझ्याकडे आले.

"इथे आमच्या आडनावाचं एक कार्ड होतं. आमच्या सुनेचं नाव होतं त्यावर."

"चुकून लागलं होतं, आजोबा. काढलं."

"चुकून?" त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "बरं." आणि छत्री घेऊन निघून गेले.

संध्याकाळी पुस्तक बदलायला आलेल्या लेखिका ताईंना सांगितलं. त्यांनी माझं मनगटच धरलं.

"रागाने विचारलं की कौतुकाने?"

मला सांगता येईना. माझ्याच भीतीत मी आजोबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

घरी त्यांना कुणी काहीच बोललं नाही, असं त्या नंतर म्हणाल्या. मला सहा महिन्यांनी कायम केलं. ताईंचा दुसरा संग्रह आला तो टोपणनावानेच. हक्कांच्या ओळीत या वेळी प्रकाशकाचं नाव होतं. मी त्याचं एकच कार्ड केलं.