राखेत दाबलेली काच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही, आणि तो तर आता राहिला नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. ऐका फक्त.

माझं माहेर केशोरीचं, धान पिकवणारं. लग्न होऊन गोंदियात आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. तांदळाच्या गिरण्या वाढत होत्या, रोज नवी बिऱ्हाडं येत होती, आणि त्यांचा कचरा कुठं जाणार हे कुणी ठरवलं नव्हतं. आमच्या गल्लीनं मात्र ठरवलं होतं. मागच्या मोकळ्या जागेत मोठा खड्डा होता. सगळ्या घरांची राख, शेण, भाजीचे देठ, पत्रावळी, बिडीच्या पानांची कातरण त्यात जायची. उन्हाळ्यात जवळच्या खेड्यातला सोमाजी बैलबंडी घेऊन यायचा आणि सगळं खत म्हणून शेतात न्यायचा.

तो खड्डा उघडताना पाहिलाय का तुम्ही कधी? मी पहिल्यांदा पाहिला आणि आ वासून बघतच राहिले. आम्ही नाक दाबून टाकलेलं ते सगळं गेलं कुठं? खाली काळी, मऊ, कोमट माती होती. तिच्यातून वाफ निघत होती आणि घाण वास नव्हता. मी हात घालून बघितला. देवळात होतं तसं काहीतरी मला तिथं झालं — हसू नका.

काच मात्र कुजत नाही. म्हणून फुटकी काच परसातल्या डब्यात टाकायची, तीही सासूबाईंना दाखवून, अशी आमच्या घरची रीत. आणि माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. आधीचीही मीच फोडली होती. पुन्हा बोलणी कोण खाणार? मी तुकडे राखेच्या टोपलीत तळाशी दाबले, टोपली खड्ड्यात ओतली आणि फडताळातली दुसरी काच कंदिलावर चढवली. एवढंच — असं मी स्वतःला फार वर्षं म्हणत आले.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत खतातून शेतात गेलेली ती काच सोमाजीच्या बायकोच्या, सुगंधाच्या पायात गेली. चिखलात काय दिसणार? जखम चिघळली. भरली तेव्हा पाय वाकडा झाला होता.

सोमाजी विचारायला आला — काच कोणत्या घरची? सासूबाई ठासून म्हणाल्या, आमची काच डब्यात जाते. मग सगळ्यांच्या नजरा बिसाहीनकडे वळल्या. ती छत्तीसगडातून आलेली, गल्लीत नवी, आमच्या भिंतीला लागूनच राहणारी, नवरा गिरणीत हमाल. तिला कुठली ठाऊक असणार आपली रीत, असं बायका म्हणाल्या. ती नाही नाही म्हणत राहिली. मी दारातच उभी होते. जीभ टाळ्याला चिकटते म्हणतात — माझी नव्हती चिकटली. चांगली मोकळी होती. मी बोलले नाही.

खड्डा तिला बंद झाला. रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन ती दूर नाल्यापर्यंत जायची. पोटुशी होती तरी जायची. मी खिडकीतून बघायचे.

धान निघालं तेव्हा सुगंधा लंगडत आली, नव्या तांदळाची टोपली घेऊन. असं पीक आमच्या धानाच्या बांधीत कधी आलं नव्हतं, म्हणाली, आणि घरोघरी पसा-पसा वाटत निघाली. बिसाहीनही पदर पुढं करून दारात उभी राहिली. सुगंधा तिच्यासमोरून तशीच पुढं आली आणि माझ्या सुपात तांदूळ ओतले.

"तिच्या घरी नाई देत मी," ती म्हणाली. "तुमच्या राखेनं पिकलं बाई, तुमीच खा."

मी ते तांदूळ ओंजळीत घेतले. आमच्या कचऱ्यातून हा दाणा? इतका पांढरा, इतका वासाचा? खरं सांगते, त्या क्षणी मला बिसाहीन आठवली नाही, सुगंधाचा पायसुद्धा दिसला नाही. मी नुसती थक्क होऊन बघत होते.

त्याच संध्याकाळी मी तो भात रांधला. घरभर वास सुटला. भिंतीपलीकडे बिसाहीनलाही आला असेल. मी जेवले, आणि पुन्हा वाढून घेतला.